बाउदिलिओचा कान

सोमवारी फेरीची लाँच येते.
तीत एक साधा डॉक्टर, एक सुईण,
दातांचा असलाच तर कठड्याला धरून ओकणारा.
कानाचा कधीच नाही.
कानाचे सगळे सांतियागोत, म्हणे एकाच इमारतीत अकरा,
लिफ्टमध्ये एकमेकांना वाट देतात.
आमच्या बेटांना मिळून एक होती, पुएर्तो मोन्तला.
ती बाळंतपणाला गेली, ती गेलीच.

मी इथल्या केंद्राची मदतनीस.
ताप, टाके, माशाच्या गळात अडकलेलं बोट,
एवढं मला येतं.
बाकीचं मी वहीत लिहिते.
डावीकडे नाव, उजवीकडे अवयव,
मधे बोटभर जागा, तारखेसाठी.
एर्सिरा, मोतीबिंदू.
धाकटा एलिसेओ, फिट येते, शाळेत जास्त.
रोसेंदाबाईंच्या छातीत 'पाखरू', हा शब्द त्यांचाच.
त्यांच्या नावावर रेघ आहे.
मधली जागा कोरीच होती तेव्हा.

बाउदिलिओ चिगुआय पाणबुड्या.
तीस वर्षं दातांत हवेची नळी धरून
तळाचे शिंपले वर आणले.
म्हणाला, डाव्या कानात समुद्र राहिलाय, काढ.
मी माझा छोटा दिवा लावून पाहिलं.
लाल. पू. त्यापलीकडे अंधार,
आणि त्या अंधाराचं शिक्षण माझ्याकडे नाही.
कागद लिहिला.
कागद लाँचने गेला, मग बसने,
मग एका संगणकात जाऊन बसला.
त्याला तरी बसायला जागा मिळाली.

दोन वर्षं.
डावा गेला, उजव्याने त्याचं पाहून सुरुवात केली.
ओतिलिया त्याच्याशी टेबलावर बोटांनी बोलू लागली:
एकदा टकटक, जेवायला ये.
दोनदा, कुणीतरी आलंय.
तळहाताने धाडकन, म्हणजे भांडण.

मार्चात पत्र आलं.
'रुग्णास तीन वेळा दूरध्वनी केला.
प्रतिसाद नाही. नाव यादीतून वगळण्यात येत आहे.'
उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं.
मग इतकी हसले
की बाहेर बटाटे निवडणाऱ्या बाया आत डोकावल्या,
आणि माझा चेहरा पाहून तशाच मागे झाल्या.

त्याला पत्र दाखवलं. त्याने सावकाश वाचलं.
"खिशात काहीतरी थरथरलं होतं खरं," तो म्हणाला,
"मला वाटलं, म्हातारपण."

कानाडोळा म्हणायचं तर कसं म्हणायचं?
त्यालासुद्धा आधी
एक कान लागतो, एक डोळा लागतो.
आमच्याकडे दोन्ही खात्यांत जागा रिकामी.

नवा कागद केला. फोनच्या रकान्यात माझा नंबर घातला.
ऑगस्टात, मी एका पोराच्या गुडघ्याला टाके घालत असताना,
वाजला.
आवाज जाड केला: हो, मीच बाउदिलिओ.
पलीकडची मुलगी दमलेली होती.
"हॅलो," ती म्हणाली, "ऐकू येतंय का तुम्हाला?"
पोराने गुडघा विसरून माझ्याकडे पाहिलं.
"येतंय," मी म्हणाले. "अगदी स्वच्छ."
"गुरुवार, सकाळी नऊ," ती म्हणाली.
वहीतल्या त्या जागेत मी इतकं दाबून लिहिलं
की मागच्या पानावर, एलिसेओच्या ओळीतही
तारखेचा वळ उमटला.

मंगळवारी रात्रीपासून उत्तरेचा वारा.
बुधवारी बंदरावर बावटा: कुणीही निघू नये.
तरी तो इस्त्रीचा सदरा घालून धक्क्यावर आला,
बॅग मांडीवर, बॅगेत माझं पत्र,
भाकरी, आणि सांतियागोहून येणाऱ्या डॉक्टरसाठी
वाळवलेले शिंपले.
ओतिलियाने फळीवर काहीच वाजवलं नाही.
आम्ही तिघं पाण्याकडे पाहत बसलो.

अंधारताना त्याने तळहात फळीवर ठेवला,
तसाच ठेवला, भुवया वर करून.
मला अजून काहीच ऐकू येत नव्हतं.
लाँच असेल, तर त्याला आधी कळेल.