आपल्या स्तरावर

वर्षातल्या दोन सुट्ट्या मुख्याध्यापकाच्या अधिकारातल्या.
बाकी सगळं वरून येतं:
भिंतीला कोणता रंग, रोप कोणत्या तारखेला,
मंगळवारी मटकी की मूग,
फोटोत किती पोरं दिसली पाहिजेत.
वाढई गुरुजी चार्ज देताना म्हणाले होते,
"त्या दोन जपून ठेवजा, बाई.
एक पोळ्याच्या मागंपुढं जाते,
दुसरी कोणी मेलं तर कामी येते."
मग किल्ल्यांचा जुडगा दिला, शिक्का दिला
आणि सुकलेल्या शाईचं पॅड.

धानाची कापणी चालू होती. दुपारचे अडीच.
मोरेश्वर शेडमाके सायकल तशीच टाकून धावत आला.
"बाई, नाल्यापाशी आहे. बसून आहे जी."
काय आहे, ते बोलला नाही.
इकडे नाव घेत नाहीत.

नाला म्हणजे शाळा आणि टोला यांच्या मधला.
टोल्याची सत्तावीस पोरं. गावातली अठरा.

बोरकुटे सर म्हणाले, देऊन टाका सुट्टी,
तुमच्या अधिकारातली आहे, मॅडम.
मी केंद्रप्रमुखांना फोन लावला. ते मीटिंगमध्ये.
तालुक्याला लावला.
तिकडे कुणी कुणाला तरी विचारलं,
तेवढा वेळ मला त्यांचा पंखा ऐकू येत होता,
मग म्हणाले,
"आपल्या स्तरावर निर्णय घ्या."

माझा स्तर.
सात वर्षांत तो मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला:
तीन पायऱ्या, त्यातली एक फुटकी,
खाली हातपंप,
मागे ते कुंपण, जे तीन वर्षं
फक्त अंदाजपत्रकात उभं आहे,
आणि पहिलीतली नंदा कुळमेथे,
घंटेच्या आधीच दप्तर पाठीला लावून,
चपला हातात घेऊन
दाराशी.

सुट्टी द्यायचा अधिकार मला आहे.
सुट्टी न द्यायचा
कुठल्या परिपत्रकात असतो?

साडेचारची घंटा मी वाजवू दिली नाही.
गावातल्यांना त्यांचे बाप येऊन घेऊन गेले,
कुऱ्हाडी, थाळ्या, एक जण तर फटाके घेऊन.
टोल्याची राहिली.
पाचला त्यांनी पाढे म्हटले,
साडेपाचला पाढे म्हणायचं नाटक केलं,
सहाला एक रडायला लागला, मग तिघं.
सुमनबाई कोठीच्या दारात उभी: "किती टाकू?"
माणशी शंभर ग्रॅम, माझ्या ओठांवर आलंच होतं.
म्हटलं, भूक लागली तेवढा टाक.

मी काही धीट नव्हते.
खिडकीशी उभी राहून सारखा विचार करत होते
की ते कधीच उठून गेलं असेल,
की मोरेश्वरला गोऱ्हा दिसला असेल,
की माझ्या भीतीला मी निर्णय म्हणतेय.
आठ वाजता टोल्याचा ट्रॅक्टर आला,
ट्रॉलीत धानाचं तणस, वर बाया, हातात बॅटऱ्या.
पोरं मोजून चढवली. सत्तावीस.
पुन्हा मोजली.

वनरक्षक सकाळी आला. पाऊल आहे म्हणाला,
पण कालचं की परवाचं, सांगता येत नाही जी.

पंधरा दिवसांनी पत्र:
शालेय वेळेनंतर विद्यार्थ्यांना थांबवून ठेवण्याचे प्रयोजन काय,
आणि तांदळाच्या नोंदीत
तीन किलो नऊशे ग्रॅमची तफावत कशी.
खुलासा लिहायला बसले.
कारणाच्या रकान्यात जागा दोन बोटांची.
मी त्यात त्यांचंच वाक्य लिहिलं,
तारीख आणि वेळेसकट,
आणि पॅडवर पाण्याचे चार थेंब टाकून
शिक्का उमटेपर्यंत दाबला.

एप्रिलमध्ये रजिस्टर बंद केलं तेव्हा
त्या दोन सुट्ट्या तशाच होत्या.
पुढच्या वर्षी चालत नाहीत.

एक सांगायचं राहिलं.
त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी
नंदा शाळेत आली ती
काखेत घरची चटई घेऊन.