वारा पडलेला आठवडा

शाळेच्या गच्चीवर यंत्र आहे,
त्यातला कागद रोज सकाळी मी बदलते.
पांढरा घालायचा, करडा काढायचा,
डबीवर तारीख लिहायची: नऊ जुलै.
एवढंच काम. पगारही तेवढाच.

कोयाइकेत एके काळी वाऱ्याला शिव्या होत्या.
पत्रे उचकटायचा,
वाळत घातलेल्या चादरी
थेट अर्जेंटिनाला पोचवायचा.
आता सहा दिवस पडून आहे
आणि लोक त्याची चौकशी करतात
न सांगता गेलेल्या दिरासारखी.

हवामान खात्यातला ओस्बाल्दो फोनवर समजावतो:
वरती जास्तीचा दाब ठाण मांडून बसलाय,
रात्री आभाळ मोकळं, जमिनीची ऊब निसटून जाते,
डोंगरावरून गारठा उतरतो, दरीत साचतो,
त्याच्या डोक्यावर उबदार हवेचं झाकण.
म्हणजे उतरंडच उलटी, मी म्हणते.
तो म्हणतो, हो, तसंच समज.

टेकडीच्या वळणावरून बघावं:
वर चांदण्या लख्ख, घासल्यासारख्या,
आणि खाली गाव नाहीच,
नुसती साय धरलेली.

आमच्याकडेही लोखंडी चूल, लाकडाची.
नोल्बेर्तो ओलं लेंगा स्वस्तात टाकतो,
कोरडं परवडतं कुणाला भर थंडीत?
आई चुलीच्या दाराशी पाय लावून बसते,
तिचं सगळं वय त्या दाराशी बसलेलं.
बंदीच्या रात्री मी चूल विझवते.
मी झोपले की ती पेटवते.
दोघींना ठाऊक आहे. विषय निघत नाही.

म्हणून कागद चिमट्यात धरला की
मी जरा जास्तच वेळ बघते.
यातला आमचा करडा कुठला?
शेजारच्या रोसेंदाचा नातू रात्रभर खोकतो,
फळ्यांच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं.
ते मोजायला गच्चीवर काही बसवलेलं नाही.

काल पहाटे चारला
पत्र्याचा एक कोपरा वाजला.
मी उठून बसले. पुन्हा वाजला.
रोसेंदाचा दिवा लागला, मग त्यापुढचा,
कुत्री एकदम भुंकायला लागली,
आणि अंधारातून आई म्हणाली,
आला मेला एकदाचा.

आजचा कागद
जवळजवळ जसा घातला तसाच निघाला.
एवढा धूर गेला कुठे,
हे ओस्बाल्दोला विचारायचं राहून गेलं.
चादरींच्या मागोमाग, बहुतेक.

घरी आले तेव्हा
आई चुलीत आणखी एक ओंडका सरकवत होती,
माझ्याकडे बघत, उघड उघड.