अपूर्णाबाई

शुक्रवारी रात्री, दौलतगंजात,
पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत
मी दाढी दोनदा करतो,
एकदा सुलटी, एकदा उलटी.
मग नऊवारी.
निऱ्या जितक्या बारीक तितक्या जास्त,
कापड तेवढंच.
पहिला धडा इथेच होऊन जातो
आणि अजून कॅमेरा सुरूही नाही.

नथ चापाची. अंबाडा उसना,
बंद पडलेल्या नाटकमंडळीच्या पेटीतला,
त्याला बावीस पिना लागतात.
मोजून लावतो,
मोजून काढते. हो, मधेच कुठेतरी
क्रियापद साडी नेसतं.

"या गं, या रे, बसा.
मी अपूर्णाबाई. अंश वर, छेद खाली,
मधली रेघ ती माझी कंबर."

एकशे सात जण बसतात.
डबऱ्याची नर्सिंगची पोरगी, जिच्या हेडफोनचा एकच कान चालतो.
मुरैन्याचा गजकवाला: पाव किलो डोळे मिटून तोलेल,
एक भागिले चार दिसलं की घाम.
शिंदे की छावणीतल्या कुमुदिनीताई
ब्लाउजची बगल एका फटक्यात गोल कापतात
आणि परीघ म्हटलं की कात्री खाली ठेवतात.

"पावकी, निमकी, पाऊणकी, या माझ्या मावश्या,
एकाच्या आत राहणाऱ्या.
सवाई, दिडकी, अडीचकी सासरच्या,
सगळ्या जरा जास्तच."

मग किल्ला. चतुर्भुजाच्या देवळात
दोनशे सत्तरातलं ते बारकं शून्य,
फुलबागेची लांबी, हातांत मोजलेली.
"पुसून टाका बघू. झाली ना बाग सत्तावीस हातांची?
आता सांगा, काही नाही म्हणजे काही नाही का?"

नऊ पंचेचाळीसला 'परी' नावाच्या खात्यातून
एक प्रश्न, पत्रासारखा:
ऋण गुणिले ऋण धन का होते?
छत्तीस वर्षे मी 'नियम आहे' एवढेच सांगितले.
नातीच्या फोनवरून,
व. ना. ढवळे.

बांगड्यांखालचा तळवा आधी ओळखतो.
"बायकी हात. पुढे कर."
वर्ग हसायचा. मागच्या बाकावरून कोणी म्हणायचं,
उल्टा है ये.

पाणी पिते. ग्लासाला ओठ उमटतात.
उठते आणि कॅमेऱ्याकडे पाठ करते.
"सर, ही मी उलटी."
पुन्हा वळते.
"आणि हे उलट्याचं उलट."

बराच वेळ काही येत नाही.
रिंगलाइटभोवती एक पाखरू फिरत राहतं.
मग अक्षरं:
परत एकदा वळून दाखवा.

वळते. पदर टेबलफॅनमध्ये अडकतो,
एकशे सात जण हसतात, बहुतेक तेही.
मी सांगायचं ठरवलेलं काहीच सांगत नाही.
पुढच्या शुक्रवारी वर्गसमीकरणं, एवढंच सांगते.

साडेदहाला बत्ती गेली.
मोबाइलच्या उजेडात पिना काढल्या,
एकवीस.
झाडूनही पाहिलं.

शनिवारी पतसंस्थेच्या काउंटरवर
पासबुक देताना कॉलरमधून काहीतरी
टुणकन काचेवर पडलं.
"खरडे, ये क्या है?" मॅनेजर म्हणाले.
"हातचा एक," मी मराठीतच म्हणालो
आणि खिशात टाकला.