दोन प्रती

महापालिकेच्या मागच्या गल्लीत माझं मशीन.
घरकुलाची जाहिरात आली की
शटर अर्धं वर जायच्या आतच
खालून चपला दिसायला लागतात.

रेशनकार्ड, लाइट बिल, उत्पन्नाचा दाखला,
पक्कं घर नसल्याचं प्रतिज्ञापत्र.
नसलेल्या घराचाही कागद लागतो,
त्याच्याही दोन प्रती.

मालनबी शिकलगार चौथ्यांदा आली.
नवरा कात्र्या-विळ्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरायचा,
आता चाक ती फिरवते.
पहिल्या अर्जातला एक फोटो माझ्याकडंच राहिलाय,
टेबलाच्या काचेखाली, वेणी पुढं घेतलेला.
"ह्या पोरीला द्या की घर," म्हणाली,
"मला कशाला आता."

बाकावर चर्चा चालूच असते.
दत्तू गवंडी म्हणतो, मी बांधलेल्या शाळेत
मी माझी नात घातली न्हाई.
कुणी म्हणतं, सोडत डब्यातनं निघत न्हाई, खिशातनं निघती.
कुणी म्हणतं, घर मिळंल, पण पाणी?
तळमजल्याला पुराचं, चौथ्याला टँकरचं.
सगळे हसतात
आणि हसत हसत रांगेत एक पाऊल पुढं सरकतात.

मला विचारतात, "तुमास्नी काय वाटतंय?"
मी टोनर बदलत असतो.
खरं सांगायचं तर तीन योजना आल्या नि गेल्या,
त्यातनं एक घर नक्की झालं.
पाचगावला, वन रूम किचन. माझं.
पानाला दोन रुपये, हप्ता कधी चुकला नाही.
हे मी बोलत नाही.
पाठपोट काढू का, एवढंच विचारतो.

ह्या वेळी मात्र इमारत उभी राहिली,
टेंबलाईच्या मागं, चार मजली, फिकट गुलाबी.
त्यानं लोकांचा संशय आणखीच वाढला.
नमुन्याची खोली बघायला मंडळी रविवारी टेम्पो करून गेली,
भाकरी-खर्डा बांधून, जोतिबाला जावं तशी.
मीही गेलो, दुकान बंदच होतं.

साहेब फरशी दाखवत होते.
मालनबीनं भिंतीवर अंगठा फिरवला,
पात्याची धार बघतात तसा, हलका, आडवा.
चिमूटभर वाळू पदरावर सांडली.
"हिला पाणी दिल्यालं न्हाई," ती म्हणाली.
साहेब म्हणाले, नळजोडणी पुढच्या टप्प्यात आहे, आजी.

परतताना टेम्पोत कुणी बोललं नाही.
उचगावच्या पुलाजवळ दत्तू एकटाच पुटपुटला,
एकास सहा तरी घ्यायचं, गाढवांनो.

सोमवारी ती दुकानात हजर,
अर्ज घडी घालून पिशवीत.
म्हटलं, मावशी, वाळू बघितलीसा न्हवं?
"बघितली की.
पर दाराला आतनं कडी हाय रे.
दोन डाव लावून बघितली. लागती."

मी कागद काचेवर ठेवला, झाकण दाबलं.
तिच्या पदरातनं एखादा कण पडला असावा.
त्या दिवशीच्या सगळ्यांच्या अर्जांवर
सध्याच्या पत्त्याच्या जरा वर
एक काळा ठिपका आलाय.
तक्रार कुणी केली नाही.
मशीन मी संध्याकाळी पुसलं.