फक्त धूळ काढा

बाकीचे यायचे, आवाज फाटतो म्हणून.
हेमराज धकाते आला, फाटत नाही म्हणून.

मे महिना. बर्डीवरच्या माझ्या दुकानात
कूलरच्या मोटारींचा ढीग,
कपाळावरचा घाम सोल्डरवर पडून चर्र व्हायचा,
आणि हा अठरा वर्षांचा पोरगा, सत्तेचाळीस डिग्रीत काळा टीशर्ट,
मंडपवाल्याचा जुना अ‍ॅम्प काउंटरवर आदळून म्हणतो,
"काका, लयच साफ वाजून राहिला हा."

वीस वर्षं मी लोकांची खरखर काढली होती.
रेडिओतली, सप्ताहाच्या भोंग्यातली, पेटीसमोरच्या माइकमधली.
खरखर घालायचे किती घ्यायचे,
दर माहीत नव्हता.
शेवटी स्पीकरच्या कागदाला ब्लेडनं बोटभर चीर दिली.
त्यानं तार छेडली.
समोरचा चष्मेवाला बाहेर धावला,
त्याला वाटलं डीपी उडाली.

गोळीबार चौकामागे घर.
पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत बँड.
धोटा खट् खटाक्, खट् खटाक्,
मुश्ताक ड्रमवर त्यालाच पाय जुळवायचा.
बापानं एकदा हात थांबवून भिंतीपलीकडचं ऐकलं.
"मागाचाच आवाज आहे," म्हणाला,
"फक्त लुगडं निघत नाही."
पण गिटारच्या पट्ट्याला काठ त्यानंच विणून दिला,
करवतकाठी,
दातेरी.

बँडचं नाव ईडापिडा.
सातवीत असताना मारबतीमागे ओरडून
त्याचा घसा पहिल्यांदा फुटला होता.
रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा,
गणिताचे गुरुजी घेऊन जा.
संध्याकाळी पुतळा जळाला, गाव गप्प झालं.
"काका, वरसातून एकच दिवस?" मला विचारायचा,
जणू तो मीच ठरवला होता.

कॉलेजच्या गॅदरिंगला तिसऱ्या गाण्यात
प्राचार्यांनी मेन स्विच पाडला.
हा अंधारात तसाच ओरडत राहिला, बिनमाइकचा,
शेवटच्या रांगेत मी होतो, ऐकू येत होतं.
पुण्यात दुसरा नंबर.
बंगळुरूला जनरलच्या डब्यातून,
अ‍ॅम्प संडासाच्या दाराशी, मुश्ताक अ‍ॅम्पवर झोपलेला.
शिलाँगला दोन हजार पोरं त्याच्यासोबत मराठीत किंचाळली,
एकालाही मराठी येत नव्हती.
सीडीच्या तीनशे प्रती काढल्या,
एकशे ऐंशी अजून मुश्ताककडे, रजयांच्या पेटीत.
मधल्या काळात लग्नाचा ऑर्केस्ट्रा.
भाड्याचा कोट, बाहीवर कुणाची तरी हळद.

मग घशात गाठ.
रामदासपेठेतल्या डॉक्टरनं ती काढली, दीड महिना मौन दिलं.
तो दुकानात येऊन बसायचा,
पंपाचे स्क्रू डबीत लावून ठेवायचा, साइजप्रमाणे.
मीही बोलत नव्हतो.
तसाही माझा उजवा कान त्यानंच खाल्लाय.
एक गिऱ्हाईक भोंगा घेऊन आलं, आवाज फाटतो म्हणून.
हेमराजनं कान लावला, डोळे मिटले,
आणि बऱ्याच वेळानं मला खूण केली,
राहू द्या.
गिऱ्हाइकाला मात्र दुरुस्तच हवा होता.
केला.

आता मानेवाड्यात पोरांना शिकवतो.
आधी बोटं, मग घसा, म्हणतो, घशाला घाई नाही.
मागच्या थंडीत एका लॉनवर कार्यक्रम होता,
तिसेक माणसं, त्यातला एक केटरर.
पहिल्या किंकाळीला त्यानं तोंड उघडलं
आणि नुसती हवा निघाली.
मुश्ताकचे पाय चालूच होते.
हेमराजनं माइकला पाठ केली,
गिटार त्या चिरलेल्या स्पीकरसमोर धरली,
धरून ठेवली,
तिथून जे निघायला लागलं
त्याच्यावर आम्ही तिसेक माणसं ओरडलो.
मी एकसष्ट वर्षांचा. केटररही ओरडला.
काय ओरडलो ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प घेऊन आला.
चीर आता पार कडेपर्यंत गेलीय.
"नवा कागद बसवू?"
"नका," म्हणाला, खरखरीत, हळू,
"फक्त धूळ काढा."

ब्रश इथंच कुठं तरी होता.