टोपीबद्दल, सारसोळे जेट्टीवरून

पाम बीचच्या मागे, जिथं सिमेंट संपून चिखल सुरू होतो,
तिथं दर रविवारी सहा-सात माणसं गळ टाकून बसतात
आणि एकमेकांशी बोलत नाहीत.
त्यांतला सगळ्यात नवा मी.
मार्केटात कांद्या-बटाट्याच्या हिशेबात वीस वर्षं गेलेली,
हात मऊ, मान गोरी.

पहिल्याच दिवशी हसुराम तांडेल म्हणाला,
"टोपी कुठं हाय?"
म्हटलं, गळ आणलेत, शिसं आणलंय, कोलंबी आणलीय बर्फात.
"ते माशासाठी. तुज्यासाठी काय आणलंस?"

मला हसू आलं.
जन्मभर लोकांनीच टोप्या घातल्या मला.
दलालांनी घातल्या, भिशीवाल्यानं घातली,
एका बिल्डरनं तर ताबा द्यायच्या आधीच.
आपण होऊन कधी घातली नव्हती.

ऊन वरून येतं एवढं ठाऊक होतं.
खाडीत ते खालूनही येतं,
पाण्यावर आपटून, हनुवटीखाली, नाकपुड्यांत,
जिथं आयुष्यात कधी ऊन पोचलं नव्हतं तिथंही.
अकरा वाजता समोर नुसतं वितळलेलं पत्र्याचं छप्पर.
गळाचा बोंडा कुठं, चमक कुठं, कळेना.
हसुरामनं आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर दाबली,
काठ भुवयांपर्यंत ओढला.
"आता बघ."

छप्पर विझलं.
गढूळ पाण्याखाली बोटभर खोलीवर
बोयटांची पोरं एकदम वळत होती,
शाळा सुटल्यासारखी.

त्याच्या डाव्या कानाची पाळी अर्धीच आहे.
जेट्टीवर येणारी पोरं विचारतात.
तो सांगतो, असाच एक जण मागं न बघता
गळ फेकीत होता.
पोरं आपापले कान चाचपतात,
टोप्या खाली ओढतात,
आणि फेकायच्या आधी मागं वळून बघतात.

भांगाचा दिवस होता. पाणी हलत नव्हतं, मासाही.
निवट्या चिखलावर उड्या मारीत होत्या, आम्हाला चिडवत.
तेव्हा तो आपणच म्हणाला,
"गळ नव्हता रे."

तिळाएवढी खपली होती म्हणे.
धरायची, पडायची, परत धरायची.
चांगुणा दोन वर्षं सांगत होती, दाखव, दाखव.
शेवटी वाशीच्या डॉक्टरनं तुकडा काढला,
बाटलीत घातला, नाव लिहिलं.
"इचारलं, उन्हात काम करता?
म्हटलं, काम नाय करत, खाडीव बसतो.
चाळीस वरसं. उघड्या डोक्यानं."

मग बराच वेळ दोरी बोटावर गुंडाळत राहिला.
"पोरांना ऊन सांगितलं तर हसतात.
गळ सांगितला तर घाबरतात."

वैशाखात एकदा वाऱ्यानं त्याचीच टोपी उडवली.
दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला,
चारचौघांत धोतर सुटल्यासारखा.
माझी दिली, घेतली नाही.
कोलंबीची रिकामी पिशवी कानांपर्यंत ओढून बसला
संध्याकाळपर्यंत.
एक शिंगाळी मिळाली, तीही हाताला काटा मारून.
घरापर्यंत तीन मांजरं मागोमाग गेली.

ती टोपी अजून समोरच्या तिवरांत अडकलेली दिसते.
भरतीला भरते.
ओहोटीला गळत राहते.
काढायला कोण जाणार, मांडीएवढा चिखल.

आज एक नवा माणूस आला, बोडका.
महागाची काठी, झाकणाला अजून किमतीची चिठ्ठी.
मी विचारलं, टोपी?
म्हणाला, काका, ढग आहेत की.
मग हळूच हसुरामच्या कानाकडे खूण केली,
भुवया उंचावल्या.

हसुराम बोंड्याकडे बघत होता,
ऐकू न आल्यासारखा.

मी गळाचं सांगितलं.