तोल

रंकाळ्याच्या धक्क्यावर दस्तगीर
पावतीपुस्तक मांडीवर घेऊन.
"एकटीला न्हाई सोडत काकी, बोट कलंडती."

मागं भेळेच्या गाडीवर कांदा चिरत होतं कुणी,
फुग्यांवर छऱ्यांचा नेम,
घोड्यावर बसवलेलं पोरगं रडत होतं
आणि बाप म्हणत होता, हास की, फोटो काढतोय.

मी म्हटलं, दोघांचे पैसे घे.
"पैशाचं न्हाई वो, वजनाचं हाय."

मग काय वाटलं त्याला कोण जाणे,
शेडमागून वाळूचं पोतं आणलं,
शेजारच्या सीटवर टेकवलं
आणि नियम म्हणून
त्यालाही लाइफ जॅकेट चढवलं.

हंसाची मान तारेनं आवळलेली.
पायडल मारत निघाले संध्यामठाच्या अंगानं.
शालिनी पॅलेसचं घड्याळ
इथून दिसतं, वाचता येत नाही.
मी थांबले की शेजारचं पायडल थांबायचं,
निघाले की निघायचं,
एकाच दांड्यावर दोन्ही.

धक्क्याला लागल्यावर
दस्तगीरनं आधी पोतं उतरवलं.
"तरास न्हाई न्हवं दिला?"
गप्पच होतं, मी म्हटलं,
पण पाय हलवत होतं.